धातू कोणाला म्हणावे?

गणेशोत्सव जवळ आला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी देव्हाऱ्यातली पंचधातूची मूर्ती चिंच लावून घासली जाते. या पंचधातूंत पाच धातू नेमके कोणते, असे चार जाणत्यांना विचारून पाहावे. सोने, चांदी, तांबे इथपर्यंत सगळ्यांचे जुळते. उरलेल्या दोन जागांसाठी कोणी जस्त सांगतो, कोणी कथील, कोणी शिसे, तर कोणी लोखंड. प्रत्येकाकडे आपापल्या परंपरेचा आधार असतो.

या मतभेदाला हसण्याचे कारण नाही. धातूंच्या पंगतीत कोणाला बसवायचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न भट्टीवाल्यांना, वैद्यांना आणि पुढे रसायनशास्त्रज्ञांनाही शेकडो वर्षे पडलेला आहे. शाळेत आपण धातू, अधातू आणि धातुसदृश असे तीन खाने शिकलो आणि ते निसर्गानेच आखून दिले आहेत अशी आपली समजूत झाली. प्रत्यक्षात त्या खान्यांच्या भिंती अनेकदा पाडून पुन्हा बांधल्या गेल्या आहेत. त्या बांधकामाचा एक महत्त्वाचा भाग आपल्या वडोदऱ्यापासून रात्रभराच्या प्रवासावर घडला, म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय घेतला.

सुरुवात आपल्याकडूनच करू. ‘रसरत्नसमुच्चय’ हा रसशास्त्राचा तेराव्या शतकाच्या आसपासचा ग्रंथ. त्यात धातूंना ‘लोह’ असे सामान्य नाव आहे; लोह म्हणजे केवळ लोखंड नव्हे. सोने, चांदी, तांबे आणि लोखंड ही शुद्ध लोहे. नाग म्हणजे शिसे आणि वंग म्हणजे कथील ही दोन पूतिलोहे, म्हणजे दुर्गंध येणारी. पितळ, कासे आणि वर्तलोह ही तीन मिश्रलोहे. पारा या यादीत नाहीच. तो स्वतः ‘रस’, साऱ्या शास्त्राचा राजा. त्याला लोहांच्या रांगेत कोण उभे करणार? गंधक, हरताळ, मनशीळ यांचा गट वेगळा, त्यांना ‘उपरस’ म्हटले आहे.

ही वर्गवारी वाचून कोणी म्हणेल, पाहा, धातू आणि अधातू हा भेद आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. तसे म्हणू नये असे आम्हांला वाटते. पितळ हे मिश्रण आहे हे त्यांना ठाऊक होते, ही मोठीच गोष्ट; पण त्यांची विभागणी पाऱ्याशी कोणाचे कसे जमते, औषधाला कोण किती उपयोगी, यावर उभी होती. पूर्वजांना सगळेच माहीत होते असे मानणारे आणि काहीच माहीत नव्हते असे मानणारे, या दोघांनाही हा ग्रंथ अडचणीत टाकतो.

याच ग्रंथात ‘रसक’ किंवा ‘खर्पर’ नावाच्या खनिजाची गणना ‘महारसां’त केली आहे आणि त्यातून कथलासारखे दिसणारे ‘सत्त्व’ कसे काढावे याची कृती दिली आहे. हे सत्त्व म्हणजे आपले जस्त. कृतीसाठी जे पात्र सांगितले आहे त्याचे नाव वृंताकमूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस; तिला बारा अंगुळे लांबीची नळी, आणि नळीचे तोंड धोत्र्याच्या फुलासारखे पसरट.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जस्ताची खोडच तशी आहे. खनिजातून ते सुटे व्हायला हजार अंशांच्या आसपास आच लागते, आणि उकळते मात्र ते ९०७ अंशांवर. म्हणजे जस्त मोकळे होते ते वाफेच्या रूपातच. तांब्या-शिशासारखे ते भट्टीच्या तळाशी साचत नाही. वाफेला हवा लागली की तिची पांढरी भुकटी होऊन उडून जाते. म्हणून मूस बंद हवी, वाफ नळीवाटे खाली उतरायला हवी आणि खालच्या थंड भांड्यात तिचे थेंब व्हायला हवेत. दारू गाळणारे आणि अत्तरे काढणारे वाफ वर चढवतात. इथे ती खाली आणायची होती.

उदयपूरच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर जावर नावाचे गाव आहे. तिथल्या जुन्या घरांच्या भिंती विटांसारख्या रचलेल्या मातीच्या नळकांड्यांच्या आहेत. गावकऱ्यांना ती हाताशी सापडली, त्यांनी ती बांधकामाला वापरली. १९८० नंतरच्या काही वर्षांत आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून तिथे संशोधन केले. विद्यापीठातर्फे प्रा. के. टी. एम. हेगडे आणि म्युझियमतर्फे पॉल क्रॅडॉक ही त्यातली प्रमुख नावे. उत्खननात जस्ताच्या भट्ट्या जागच्या जागी सापडल्या. एकेका भट्टीत सहा ओळींत सहा-सहा अशा ३६ मुशी उलट्या बसवलेल्या, तोंडे खाली, आणि आकार अगदी वांग्याचा. ग्रंथातली वृंताकमूषा ही कोणा कवीची कल्पना नव्हती. ती इथे हजारोंच्या संख्येने भाजली आणि वापरली गेली होती. भट्टीचा आकार वाढवून, एका मुशीच्या जागी छत्तीस ठेवून, वैद्याच्या कृतीचा त्या लोकांनी कारखाना केला होता.

आणि मग वर्गवारी बदलली. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त सात धातू सांगितले आहेत: सोने, रुपे, तांबे, वंग, यशद, शिसे, लोखंड. यातले यशद म्हणजे जस्त. एका खनिजाचे ‘सत्त्व’ म्हणून ओळखले जाणारे द्रव्य तीनेक शतकांत सोन्यारुप्याच्या पंगतीला येऊन बसले. आम्हांला यातून दिसते ते असे, की जस्ताला हा मान कोणा पंडिताच्या व्याख्येने मिळाला नाही. ते मणामणाने तयार होऊन बाजारात येऊ लागले, तेव्हा शास्त्राने त्याच्यासाठी जागा केली.

जावरच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विझल्या. मेवाडवर वर्षानुवर्षे झालेल्या मराठी फौजांच्या स्वाऱ्या आणि पाठोपाठ आलेला १८१२-१३चा दुष्काळ, ही त्याची कारणे सांगितली जातात. आपल्या स्मरणिकांतून मराठी फौजांच्या पराक्रमावर दरवर्षी लेख येतात आणि यावेत. पण त्या फौजांच्या वाटेवर जगातला एक जुना आणि दुर्मीळ उद्योग होता, हेही आपणच लिहून ठेवले पाहिजे. दुसरे कोणी आपल्यासाठी लिहिणार नाही. तोपर्यंत, १७३८ साली, इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त काढण्याच्या रीतीचे पेटंट घेतले होते. त्याच्याही भट्टीत वाफ खालीच उतरत असे.

युरोपात मात्र जस्ताला धातूचा मान सहज मिळाला नाही. तिथे सात ग्रह आणि सात धातू अशी जुनी सांगड होती: सूर्याचे सोने, चंद्राची चांदी, बुधाचा पारा, शुक्राचे तांबे, मंगळाचे लोखंड, गुरूचे कथील, शनीचे शिसे. आकाशात आठवा ग्रह नाही तर भुईत आठवा धातू कुठून येणार? पण खाणींतून नवनवी चकाकणारी द्रव्ये निघू लागली आणि त्यांचे करायचे काय हा प्रश्न पडला. त्यावरचा तोडगा म्हणजे ‘अर्धधातू’. स्वीडनच्या गेऑर्ग ब्रांटने १७३५ साली अर्धधातूंवर प्रबंध लिहिला. त्याच्या यादीत सहा नावे होती: पारा, बिस्मथ, जस्त, अँटिमनी, कोबाल्ट आणि सोमल, म्हणजे आर्सेनिक. कसोटी हातोडीची. हातोडीखाली पसरतो तो धातू. चकाकी आणि वजन असूनही जो फुटतो किंवा ज्याच्यावर हातोडी चालतच नाही, तो अर्धधातू. घरात घ्यावे तर नियम आड येतो आणि अंगणात ठेवावे तर बरे दिसत नाही, अशा पाहुण्यांसाठी ओसरी असते. ही सहा द्रव्ये ओसरीवर बसली.

ती तिथे फार काळ टिकली नाहीत. १७५९च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गला कडाक्याची थंडी पडली असताना ब्राउन नावाच्या प्राध्यापकाने बर्फ आणि तेजाबाच्या मिश्रणात पारा गोठवला. उणे ३९ अंशांना पारा घट्ट होतो. त्या घट्ट पाऱ्यावर हातोडी मारली तेव्हा तो शिशासारखा चपटा झाला. म्हणजे पारा पहिल्यापासून धातूच होता, फक्त आपल्या हवेत वितळलेला. पुढे १८०५ साली शेफील्डच्या हॉब्सन आणि सिल्व्हेस्टर या दोघांनी दाखवून दिले की थंड जस्त ठिसूळ असते, पण १०० ते १५० अंशांपर्यंत तापवले की त्याचे पत्रे लाटता येतात. त्याहून जास्त तापवले तर ते पुन्हा ठिसूळ होते. एवढ्या अरुंद फटीतून जस्त ओसरीवरून घरात आले. आज छपराच्या पत्र्यावर आणि पाण्याच्या बादलीवर जस्ताचा मुलामा असतो. तेव्हा त्याच्या धातुपणाबद्दल कोणाला शंका येत नाही.

दरम्यान पॅरिसमध्ये लव्हाझियेने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी छापली. त्यात ३३ नावे होती, आणि गंमत म्हणजे प्रकाश व उष्णता ही दोन्ही मूलद्रव्यांत मोडली होती. धातू १७. अर्धधातू हा वर्गच त्याने काढून टाकला. हवेशी संयोग होऊन कोणती भस्मे होतात याला त्याने महत्त्व दिले. त्यामुळे ओसरीवरची उरलेली मंडळी, सोमल आणि अँटिमनीसुद्धा, एका फटक्यात धातू ठरली. पाच वर्षांनी, १७९४च्या मे महिन्यात, क्रांतीच्या सरकारने त्याला गिलोटिनखाली पाठवले.

हातोडीनंतर पाळी आली तराजूची. १८०७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडली आणि पाऱ्यासारखे चकाकणारे थेंब मिळवले. ते पोटॅशियम. चमक धातूची, वीज वाहते, हाताळायला मेणासारखे मऊ. पण वजन पाण्याहून कमी! पाण्यावर टाकले तर तरंगत तरंगत पेट घेते. जड असणे हा धातूचा स्वभाव मानला जात होता. डेव्हीने लिहून ठेवले आहे की याला धातू म्हणावे का असे त्याने अनेक जाणकारांना विचारले आणि त्यांतल्या बहुतेकांनी होकार दिला. पण सगळे तयार नव्हते. बर्लिनच्या एर्मान आणि सायमन यांनी १८०८ साली पोटॅशियम आणि सोडियमसाठी ‘मेटॅलॉइड’, म्हणजे धातूसारखे, असा शब्द सुचवला. पोटॅशियम ओसरीवर थांबले नाही, थेट घरात गेले. आपल्याकडे खताच्या पोत्यांवर नत्र, स्फुरद आणि पालाश अशी तीन नावे असतात, त्यांतला पालाश तो हाच. राखेशी असलेले त्याचे जुने नाते ‘पळसा’च्या रूपाने मराठीने जपले आहे.

तो ‘मेटॅलॉइड’ शब्द मात्र मोकाट सुटला. स्टॉकहोमच्या बर्झेलियसने १८११ साली तोच शब्द गंधक, फॉस्फरस यांसारख्या अधातूंसाठी वापरला. फ्रेंच शाळांत विसाव्या शतकातही मुले गंधकाला मेटॅलॉइड म्हणत होती. आणि इंग्रजीत हळूहळू तो शब्द मधल्यांसाठी वापरला जाऊ लागला. एकाच शब्दाला तीन अर्थ, आणि शुद्ध व्याख्या आजतागायत नाही. मराठीने ‘धातुसदृश’ हा शब्द केला तेव्हा या घोळातून आपली सुटका झाली. शब्द जरा लांबट आहे, पण दुसऱ्या कशाचा भास होत नाही.

नावांवरूनही खटले चालले. इंग्रजी-लॅटिनमध्ये धातूंच्या नावाचा शेवट ‘-इयम’ असा करण्याची रीत डेव्हीपासून रूढ झाली. वाळूतले मूलद्रव्य प्रथम ‘सिलिशियम’ म्हणून ओळखले जाणार होते. १८१७ साली टॉमस थॉमसनने म्हटले की हा काही धातू नव्हे, कार्बन आणि बोरॉनचा भाऊबंद आहे, आणि नाव ‘सिलिकॉन’ केले. शेपूट बदलले, जात बदलली. हेलियमच्या बाबतीत उलटे झाले. १८६८ साली नॉर्मन लॉकयरला सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली. ती एखाद्या अज्ञात धातूची असावी असे समजून ‘हेलियम’ हे नाव पडले. पुढे १८९५ साली विल्यम रॅम्से याने तो वायू पृथ्वीवर मिळवला तेव्हा कळले की यापेक्षा अधातू शोधून सापडणार नाही. पण नाव राहिले ते राहिलेच.

इथे कोकणातल्या वाचकांची नाराजी पत्करून एक सांगावे लागेल. लॉकयरने हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला असे आपल्याकडे भाषणांतून ऐकू येते. १८ ऑगस्ट १८६८चे खग्रास सूर्यग्रहण हिंदुस्थानात दिसले हे खरे. जॉन्सेनने ते गुंटूरला पाहिले, आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातही लेफ्टनंट हर्शेल दुर्बीण लावून बसला होता. पण लॉकयर तेव्हा इंग्लंडात होता आणि त्याने आपली निरीक्षणे त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथूनच केली. तो विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी, तीस वर्षांनी. विजयदुर्गाचा मान त्याने कमी होत नाही.

मधल्या ओसरीला खरी किंमत आली ती जर्मेनियममुळे. मेंडेलीव्हने १८७१ साली आपल्या तक्त्यात सिलिकॉनखाली जागा रिकामी ठेवली आणि तिथे येणारा करड्या रंगाचा धातू असेल, अणुभार ७२, घनता ५.५, असे भाकीत केले. १८८६ साली फ्रायबर्गच्या क्लेमेन्स विंकलरला चांदीच्या एका खनिजात तो सापडला, अणुभार ७२.३, घनता ५.४७. भाकीत खरे ठरल्याचा एवढा गाजावाजा झाला की ‘करडा धातू’ या दोन शब्दांकडे कोणी पुन्हा पाहिले नाही. त्यानंतर अर्धे शतक जर्मेनियम हा वीज वाईट वाहणारा, फारसा उपयोग नसलेला धातू म्हणून कपाटात पडून होता.

१९३१ साली केंब्रिजच्या अॅलन विल्सनने घन पदार्थांत इलेक्ट्रॉन कसे वागतात याचा हिशेब मांडला आणि पहिल्यांदा एक खरीखुरी कसोटी हाती आली. धातू तापवला की त्यातून वीज वाहायला अडचण वाढते. मधल्या द्रव्यांना ऊब दिली की वीज सोपी होते, कारण त्यांचे इलेक्ट्रॉन थोड्याशा ढकलण्याने सुटतात. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी जर्मेनियम अतिशुद्ध करण्यात आले, तेव्हा दिसले की ते धातू नव्हतेच. आणि १९४७च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी त्याच जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. कातडी पिशवीतला जो रेडिओ आपल्या घरांत येऊन क्रिकेटची कॉमेंट्री आणि बिनाका गीतमाला ऐकवू लागला, त्याला आपण सरळ ‘ट्रान्झिस्टर’च म्हणायचो. आत काय आहे त्याचेच नाव बाहेरच्या डब्याला मिळाले. पुढे स्वस्त आणि उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने जर्मेनियमची जागा घेतली.

आज ओसरीवर साधारण सहा जण धरले जातात: बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनियम, सोमल, अँटिमनी आणि टेल्युरियम. ब्रांटच्या सहांपैकी सोमल आणि अँटिमनी दुसऱ्या दाराने परत आलेले दिसतील. पारा, जस्त, कोबाल्ट आणि बिस्मथ घरात स्थिरावले.

यापुढे भिंत मूलद्रव्यांच्या मधून जाते की एकाच मूलद्रव्याच्या आतून, असाही प्रश्न पडतो. आपल्या लहानपणी कल्हईवाला ज्या कथलाने भांडी चमकवायचा त्या कथलाचीच दोन रूपे आहेत. नेहमीचे पांढरे कथील धातू आहे. १३ अंशांखाली मात्र त्याचे टिकाऊ रूप करडे असते, ज्याची रचना सिलिकॉन-जर्मेनियमसारखी आणि जे धातूसारखे वागत नाही. हा बदल होताना कथील फुगते आणि भुकटी होऊन गळून पडते. १८५१ साली जर्मनीतल्या झाइट्स इथल्या चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांना असे फोड आल्याची नोंद आहे. नेपोलियनच्या शिपायांच्या कोटांच्या गुंड्या याच रोगाने रशियात गळाल्या, ही गोष्ट मात्र पुराव्यापेक्षा रंगानेच चालते. घरी कल्हईची जुनी भांडी असतील त्यांनी काळजी करू नये. हा बदल कडक थंडीतच वेगाने होतो, आणि कथलात थोडी भेसळ असली तरी तो अडतो.

सोडियमची कथा याहून विचित्र. २००९ साली त्याच्यावर सुमारे वीस लाख वातावरणांइतका दाब देण्यात आला तेव्हा ते काचेसारखे पारदर्शक झाले आणि त्यातून वीज वाहायची थांबली. पोटॅशियमच्या पाठोपाठ १८०७ सालीच डेव्हीने जे धातू म्हणून घरात घेतले, ते दाबाखाली अंगणात गेले.

आणि शेवटचा खटला अॅस्टेटाइनचा. तक्त्यात ते आयोडिनच्या खाली बसते, म्हणून त्याला अधातू किंवा फार तर धातुसदृश म्हणण्याची रीत होती. २०१३ साली काही शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले की ते घन रूपात मिळाले तर धातू असेल. त्याचे सर्वांत टिकाऊ रूपही आठ तासांच्या आसपास अर्धे विरून जाते, आणि डोळ्यांना दिसेल एवढे जमवले तर स्वतःच्या किरणोत्साराच्या उष्णतेनेच त्याची वाफ होईल. त्याची चकाकी आजवर कोणी पाहिलेली नाही.